माइल्स आणि स्टेटससाठी उडताय? या चुका टाळा

हिंगणघाटहून पहाटे निघालं की जाम, बुटीबोरी करत दीड-पावणेदोन तासांत सोनेगावचं विमानतळ. कापसाच्या दलालीत हंगामभर माझी ही वाट महिन्यातून तीन-चारदा होते. कधी अहमदाबाद, कधी कोइम्बतूर, कधी दिल्ली. बॅगेवरचं कार्ड पाहून आसपासच्या तालुक्यांतली पोरं, जिनिंगवाले, बियाण्यांचे व्यापारी विचारतात, "भाऊ, हे गोल्ड कसं भेटते?" मी मनापासून सांगतो. पण बहुतेकांनी विचारण्याआधीच तिकीट काढलेलं असतं आणि ते चुकीचं असतं. वर्षानुवर्षं त्याच चुका ऐकतोय, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांसाठी सभासद योजना चालवतात, आणि त्यातल्या तुमच्या खात्यात दोन वेगळे आकडे असतात. एक खर्चायचे पॉइंट, म्हणजेच माइल्स, ज्यांतून तिकीट निघतं. दुसरे स्टेटसचे, ज्यांवर तुमची सिल्व्हर-गोल्ड अशी पायरी ठरते. क्रेडिट कार्डावरून वळते केलेले पॉइंट सहसा पहिल्या खात्यात जातात. आमच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने खत-बियाण्यांची सगळी बिलं वर्षभर कार्डावर फिरवली, पॉइंट वळते केले आणि गोल्डची वाट पाहत बसला. खात्यात भरपूर पॉइंट, स्टेटस मात्र पहिल्या पायरीवरच. त्याला कोणी फसवलं नव्हतं, त्याने नियमांचं पान उघडलंच नव्हतं.

जुन्या व्हिडिओंवर विसंबून राहणं

"स्वस्तातलं लांबचं तिकीट काढ, माइल्सचा पाऊस पडतो." हा सल्ला एकेकाळी खरा होता. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपली योजना सुरू केली तेव्हा किती मैल उडालात ते मोजलं जायचं. 2015 मध्ये डेल्टा आणि युनायटेडने मैलांऐवजी तिकिटावरचा खर्च मोजायला सुरुवात केली. एअर इंडियाही 2024 पासून खर्चावरच पॉइंट देते. खर्च म्हणजे मूळ भाडं. सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क त्यात धरत नाहीत. आता अडीच हजारांच्या तिकिटाने दिल्ली गाठा की त्याहून लांब जा, हाती पडणार ते त्या भाड्यापुरतंच. काही परदेशी योजना अजून अंतर मोजतात, पण तिथे तिकिटावरचं बुकिंग क्लासचं, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणारं अक्षर बघावं लागतं. स्वस्त अक्षरांवर पाव माइल्स मिळतात, काहींवर शून्य. मी तिकीट काढण्याआधी ते अक्षर वहीत लिहितो आणि योजनेच्या तक्त्याशी ताडून बघतो. दहा मिनिटं लागतात. ज्यांना ती दहा मिनिटं जड वाटतात, त्यांनी स्टेटसच्या नादाला लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिसेंबरवर ढकलणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझ्या योजनेचं वर्ष 31 डिसेंबरला संपायचं. पॉइंट पुरे होते, पण किमान उड्डाणांची अट होती आणि दोन उड्डाणं कमी पडत होती. ऑक्टोबरमध्ये हे ठाऊक होतं. पण दिवाळी आली, मग कापसाची आवक सुरू झाली, आणि मी म्हणत राहिलो, करू डिसेंबरात. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन. आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चेवाले, सगळा महाराष्ट्र नागपुरात. तिकिटांचे भाव नेहमीच्या दुप्पट. अधिवेशन संपायची वाट पाहिली आणि 29 तारखेला नागपूर-दिल्ली, तिथून दिल्ली-अहमदाबाद अशी दोन तिकिटं काढली. वेगवेगळ्या पीएनआरवर, मध्ये अडीच तास. दोन्ही मिळून एका तिकिटापेक्षा नऊशे रुपये स्वस्त पडत होती.

पहाटे साडेतीनला घर सोडलं. नागपुरात आभाळ स्वच्छ होतं. पण आम्हाला नेणारं विमान दिल्लीहून यायचं होतं आणि दिल्ली धुक्यात बुडालेली. फलकावर आधी चाळीस मिनिटं, मग दीड तास, मग तीन तास. मी काउंटरवर गेलो. मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, पुढचं तिकीट वेगळं आहे. आमच्याकडे ते दिसतच नाही." तिचं बरोबर होतं. एका पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असती तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असती. मी नऊशे रुपयांसाठी ती जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती.

दिल्लीत उतरलो तेव्हा अहमदाबादचं विमान कधीच गेलेलं. दुसरं तिकीट अकरा हजारांच्या वर. ते घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी रेल्वेने परतलो. इकडे जिनिंगमध्ये तामिळनाडूची पार्टी कापसाच्या गाठी बघायला येऊन बसली होती आणि दलाल जागेवर नाही. एका उड्डाणाने स्टेटस गेलं आणि त्यासोबत जादा सामानाची सवलतही. पुढचं वर्षभर कापसाच्या नमुन्यांची पुडकी घेऊन जाताना जास्तीच्या सामानाचे पैसे दर खेपेला मोजले.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. रोजमेळाच्या वहीचं शेवटचं पान विमानांचं. तारीख, कुठून कुठे, अक्षर, किती जमा झाले, किती उरले. पोळ्याच्या आसपास एकदा बेरीज करतो. कमी पडत असेल तर सप्टेंबरमध्येच एक फेरी लावतो. तेव्हा धुकं नसतं आणि आवकही सुरू झालेली नसते. आणि हिशोब करताना लक्षात ठेवा, तारीख प्रवासाची धरतात. डिसेंबरात काढलेलं जानेवारीचं तिकीट या वर्षात मोजत नाहीत. आपल्या योजनेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, एप्रिलला की सभासद झाल्याच्या महिन्यापासून, हेही बघून घ्या.

एक दिलासा आहे. वाया गेलेल्या तिकिटावरचे कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागता येतात, तसा विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे. मी मागितले आणि मिळाले.

पहिला टप्पा सोडून मधूनच चढायला जाणं

विदर्भातल्या पोरांची ही खास चूक, कारण आपलं बहुतेक परदेशी तिकीट नागपूर ते मुंबई किंवा दिल्ली असं सुरू होतं आणि तो पहिला टप्पा त्यांना फालतू वाटतो.

माझा भाचा समुद्रपूर तालुक्यातला. कंपनीच्या कामाला पहिल्यांदाच लंडनला निघाला. तिकीट नागपूर-मुंबई-लंडन आणि तसंच परत. चार दिवस आधी मित्राच्या लग्नाला विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेला आणि तिथेच थांबला. म्हणे आता नागपूरला येऊन पुन्हा मुंबईला कशाला उडायचं? रात्री अकराला त्याचा फोन. आवाज रडवेला. "मामा, नागपूरचा टप्पा तं मी सोडला, पण हे म्हणते तुमचं तिकीटच नाही."

तिकीट असतं कसं? पहिल्या टप्प्याला माणूस आला नाही की त्याला नो-शो धरतात आणि पुढचे सगळे टप्पे, परतीचाही, आपोआप रद्द होतात. त्या रात्री त्याला काहीच मिळालं नाही. कंपनीने दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून दिलं, पण ते सर्वांत महाग भावातलं, आणि साहेबांचं बोलणं खावं लागलं. माइल्सचं तर नावच नको. आधी फोन करून तिकीट बदलून घेतलं असतं तर थोडा फरक भरून काम झालं असतं. टप्पा सोडायचाच असेल तर शेवटचा सोडता येतो, पहिला कधीच नाही. आणि शेवटचा सोडायचा तर चेक-इनची बॅग नको, ती नागपूरलाच जाऊन उतरते. मी तर शेवटचाही सोडत नाही. सोडलेल्या टप्प्याचं स्टेटसला काही मिळत नाही, आणि नेहमी तसं करणाऱ्याच्या खात्याकडे कंपन्या वाकड्या नजरेने बघतात.

नाव

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सातबारावर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, आणि तालुक्याच्या ठिकाणचा एजंट घाईत तिसराच टाकतो. खात्यातलं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही तर पॉइंट जमा होत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बहिणींचं हे फार होतं: खातं माहेरच्या नावाचं, तिकीट सासरच्या. खातं उघडतानाच पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर टाका. एजंटला सभासद क्रमांक तोंडी सांगू नका, लिहून पाठवा आणि आलेल्या तिकिटावर तो आहे का ते बघा.

बाकीचं थोडक्यात. पॉइंटवर काढलेल्या फुकट तिकिटाचं उड्डाण बहुतेक योजनांमध्ये स्टेटसला धरत नाहीत. एका फेरीचे माइल्स एकाच योजनेत जमा होतात, दोन ठिकाणी मागू नका. चार योजनांमध्ये थोडं-थोडं विखुरलं की कुठेच पायरी चढत नाही, एक धरा. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, तेव्हा त्या गटातल्या दुसऱ्या कंपनीचं उड्डाणही तुमच्या खात्यात येऊ शकतं, क्रमांक मात्र तिकीट काढतानाच द्या. अमरावतीचं बेलोरा विमानतळ एप्रिल 2025 मध्ये सुरू झालं आणि मुंबईचं विमान अलायन्स एअरचं आहे. 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण ही कंपनी गेली नाही, ती वेगळी आहे. एअर इंडियाच्या खात्यात आपोआप भर पडेल असं धरून तिकडे फेऱ्या मारू नका, आधी विचारा. आणि पॉइंट वर्षानुवर्षं साठवून ठेवू नका. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली तेव्हा लोकांच्या खात्यातले पॉइंट तसेच गेले.

शेवटचं बोर्डिंग पासचं. पॉइंट आले नाहीत तर ठरावीक मुदतीत मागणी करावी लागते आणि त्यासाठी बोर्डिंग पास लागतो. काउंटरवर मिळतो तो कागद उष्णतेने छापलेला असतो. एकदा मे महिन्यात मी तो जीपच्या काचेखाली ठेवला आणि दोन दिवस विसरलो. बाहेर पंचेचाळीसचं ऊन. काढला तेव्हा सगळा कागद राखाडी पडला होता. नाव नाही, सीट नाही, तिकीट क्रमांक नाही. त्या उड्डाणाचे पॉइंट आलेच नाहीत आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता विमानातून उतरलो की सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून पासचा फोटो काढतो, मगच पार्किंगकडे निघतो.