ॲरेतले डुप्लिकेट काढले, तरी कऱ्हाड दोनदा कसं उरतं?

जावास्क्रिप्टमध्ये ॲरेत, म्हणजे क्रमाने ठेवलेल्या यादीत, नुसते आकडे किंवा पिनकोड असतील तर ॲरेचा सेट (प्रत्येक व्हॅल्यू एकदाच ठेवणारा संग्रह) बनवा, तीन टिंबांचा स्प्रेड लावून चौकटी कंसात परत ओता. झालं. क्रमही तोच राहतो. सेट भाषेत २०१५ पासून आहे.

तरीही ‘फिल्टर आणि इंडेक्सऑफ वापरा’ हा सल्ला अजून फिरतोच आहे. ऐकू नका. त्यात प्रत्येक घटकासाठी ॲरे पुन्हा पहिल्यापासून चाळला जातो. दहा हजार वेगवेगळ्या नोंदी असतील तर सुमारे पाच कोटी तुलना. वर इंडेक्सऑफला नॅन (‘हा आकडा नाही’ सांगणारी व्हॅल्यू) सापडतच नाही, म्हणून यादीतले सगळे नॅन गायब होतात. सेट निदान एक तरी ठेवतो.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची. एकदा गावांच्या ड्रॉपडाउनसाठी यादी करत होतो. काही नावं एक्सेलमधून आलेली, काही लोकांनी फॉर्ममध्ये भरलेली. सेटमधून काढूनही कऱ्हाड दोनदा. स्पेस शोधल्या, दोन्ही टोकांच्या स्पेस काढणारा ट्रिम लावला, तरी दोन. शेवटी वैतागून लेंग्थ, म्हणजे शब्दातल्या चिन्हांची संख्या, छापली: एकाची ६, दुसऱ्याची ७.

हा अर्धचंद्र र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त देतो. दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि वर न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर), म्हणजे युनिकोडमधला यू+२००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच, सेटसाठी मात्र दोन वेगळे शब्द. ‘नॉर्मलाइज (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा एका रूपात आणणारं फंक्शन) लावा, सुटेल’ असं सांगणाऱ्याने मराठीवर ते करून पाहिलेलं नसतं. ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ नॉर्मलाइज जुळवून देतो, झेडडब्ल्यूजेला हातही लावत नाही.

मग मी शहाणपणा केला आणि सगळे झेडडब्ल्यूजे उडवले. असलं काही करू नका! डोंगरातल्या ‘दर्‍या’मधून तो काढला की उरतो ‘दर्या’. माझ्या यादीत सह्याद्रीच्या दऱ्या सरळ समुद्रात गेल्या, आणि ते आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता मी असं करतो. तुलनेसाठी एक छोटं फंक्शन लिहायचं. आधी नॉर्मलाइज, त्याच्या एनएफसी या जोडलेल्या रूपात. मग ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ हे त्रिकूट जिथे दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ ही जोडी. नुसत्या रिप्लेसला मजकूर दिला तर तो पहिलीच जागा बदलतो, म्हणून रिप्लेसऑल. पुढे शून्य रुंदीची स्पेस, यू+२००बी, उडवायची. ट्रिम तिला स्पेस मानतच नाही. मधल्या जास्तीच्या स्पेसची एक करायची आणि शेवटी ट्रिम.

मॅप म्हणजे ‘की’ आणि व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणारा संग्रह. या फंक्शनमधून आलेला शब्द मॅपची ‘की’, मूळ नाव त्याची व्हॅल्यू. ती ‘की’ आधीच असेल तर पुढे जा, नसेल तर घाला. शेवटी मॅपच्या व्हॅल्यूजचा ॲरे. साफ केलेला शब्द फक्त तुलनेपुरता. दाखवायला मूळ नावच.

याच्यापुढे हुशारी नको. ऱ्हस्व-दीर्घ सारखे मानणं, ‘जवळपास जुळणारे’ शब्द एक करणं, यातून कुलकर्णी आणि कुळकर्णी ही दोन आडनावं एक होतात आणि फोन तुम्हाला येतो. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ एकच गाव आहे हे कोडला कळणार नाही. त्यासाठी हाताने केलेली पर्यायी नावांची यादीच लागते.

ऑब्जेक्टच्या (अनेक माहिती एकत्र ठेवणाऱ्या नोंदींच्या) ॲरेलाही हाच मॅप चालतो, ‘की’ म्हणून आयडी घ्या. तिथे सेट कामाचा नाही, कारण आतला मजकूर सारखा असला तरी दोन ऑब्जेक्ट त्याला वेगळेच. मात्र जोड्यांचा ॲरे थेट मॅपला देण्याचा शॉर्टकट घेतलात तर जागा पहिल्या नोंदीची राहते आणि माहिती शेवटच्या नोंदीची येते. आणि आयडी एका एपीआयकडून (माहिती पुरवणाऱ्या सेवेकडून) आकडा, दुसऱ्याकडून स्ट्रिंग म्हणून येत असेल, तर ‘की’ करण्याआधी दोन्हींची स्ट्रिंग करून घ्या.