अत्याचाराचे व्हिडिओ तपासताना मन कसं सांभाळावं

सगळ्यात खोल घाव आवाजाचा बसतो. म्हणून पहिल्यांदा आवाज बंद ठेवूनच बघा. किंकाळी किंवा रक्तपात कितव्या मिनिटाला आहे, ते फाइलसोबत लिहून ठेवा. पुढच्या सहकाऱ्यावर ते अचानक आदळत नाही. व्हिडिओची खिडकी लहान, चित्र कृष्णधवल. इमारत ओळखायची असेल तर स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर सरळ चिकट कागद लावा, हसू येईल पण उपयोग होतो. पाऊण तासाने उठायचं. अंथरुणात लॅपटॉप नकोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या वर्गीकरणात बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या ताणाने पार खचून जाण्याच्या, तीन खुणा आहेत: सततचा थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि कामाची घटलेली क्षमता. कार्यकर्त्यांमध्ये दुसरी खूण हमखास निसटते, कारण पीडितांचाच राग येतोय हे कबूल करायला लाज वाटते. बैठकीत ‘पीडितांचा राग येतोय का?’ असं थेटच विचारा.

नुसत्या सुट्टीने भागत नाही. परतल्यावर तोच ढीग वाट बघत असतो. रजेच्या आधी प्रत्येक प्रकरण कोणाकडे, फोन कोण उचलणार, हे नावानिशी लिहा. कामाच्या ग्रुपमधूनही रजेवर जाणाऱ्याला तेवढ्यापुरतं काढा. ‘फक्त एक विचारायचं होतं’ असा मेसेज आला की रजा संपली.