सीरतचं पहिलं पुस्तक निवडताना

सीरतची, म्हणजे पैगंबर मुहंमदांच्या चरित्राची, पाच पुस्तकं समोर मांडली की नवा वाचक बहुधा सगळ्यात जाड पुस्तक उचलतो, नाहीतर नेटवर फुकट मिळणारं पहिलं पुस्तक उतरवून घेतो. दोन्ही वाटांनी काही महिने जातात आणि हाती उरतो तो नावांचा गुंता. असं आधीच झालं असेल तर खचू नका. दोष तुमच्या आकलनाचा नाही, पुस्तकांचा क्रम चुकला आहे. हिजरत, बद्र, हुदैबिया हे शब्द तुमच्या कानावरून गेले आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

फुकट मिळणाऱ्यांत विल्यम म्यूरचं 1858 ते 1861 या काळात आलेलं चार खंडांचं इंग्रजी चरित्र हमखास असतं. म्यूर हा भारतातल्या ब्रिटिश राजवटीचा मुलकी अधिकारी आणि मिशनरी कामाचा खंदा पाठीराखा. अरबी साधनं त्याने खरोखर वाचली होती, पण निवाडा आधीच ठरवून. त्याला उत्तर देण्यासाठी सर सय्यद अहमद खान लंडनला गेले आणि 1870 मध्ये त्यांनी आपले निबंध छापले. हा वाद वाचण्यासारखा आहे, पण निदान वर्षभरानंतर. म्यूरपासून सुरुवात केलीत तर सातव्या शतकातली मदिना दिसायच्या आधीच एकोणिसाव्या शतकातलं भांडण डोक्यात बसतं आणि ते निघता निघत नाही.

आता खरा खड्डा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण यात भलेभले अडकतात आणि अडकल्याचं त्यांना कळतही नाही. वाचक चार चरित्रं वाचतो, चारही पुस्तकांत एक प्रसंग सारखाच सापडतो, आणि तो मनाशी म्हणतो की चौघांनी सांगितलं म्हणजे पक्कं. पण ते चार साक्षीदार नसतात. चौघांनी एकाच विहिरीचं पाणी भरलेलं असतं.

पैगंबरांचं निधन 632 मध्ये झालं. ज्याच्यावर जवळजवळ प्रत्येक चरित्र उभं आहे तो इब्न इसहाक मदिनेत जन्मला तो साधारण 704 च्या सुमारास, आणि वारला 767 च्या आसपास. त्याचं मूळ पुस्तक जसंच्या तसं आपल्यापर्यंत आलेलं नाही. ते आलं दोघांच्या हातून: त्याचा शिष्य बक्काई, आणि बक्काईकडून घेऊन ते संपादित करणारा इब्न हिशाम. हा इब्न हिशाम नवव्या शतकाच्या पूर्वार्धात वारला. म्हणजे आज 'सर्वांत जुनं चरित्र' म्हणून जे हातात येतं, त्याला हा आकार निधनानंतर जवळपास दोनशे वर्षांनी मिळाला. शिवाय इब्न हिशामने आपण काय गाळलं ते प्रस्तावनेत सांगून टाकलं आहे: पैगंबरांशी थेट संबंध नसलेला मजकूर, जाणकारांना ठाऊक नसलेल्या कविता, बोलायला लाजिरवाण्या गोष्टी, काही लोकांना दुखावतील अशा गोष्टी. गाळलेल्यातलं काही तबरीच्या इतिहासात सापडतं, कारण तबरीने (निधन 923) इब्न इसहाकचा मजकूर दुसऱ्या शिष्याकडून घेतला.

हे ऐकून 'मग सगळंच अविश्वसनीय' असा निष्कर्ष काढू नका. तीही तितकीच मोठी चूक आहे. मौखिक परंपरेने कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी, म्हणजे इस्नाद, जपून ठेवली आहे आणि ती तपासता येते. एका उदाहरणाने पाहू.

हिरा गुहेतल्या पहिल्या वह्यीचा, म्हणजे दैवी संदेशाचा, प्रसंग घ्या. साल साधारण 610. बुखारींच्या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची कथनं) तो अगदी सुरुवातीला आहे. साखळी अशी: पैगंबरांच्या पत्नी आयशा, त्यांच्याकडून भाचा उर्वा, त्याच्याकडून झुहरी, त्याच्याकडून उकैल, मग लैस, मग यह्या बिन बुकैर आणि शेवटी बुखारी. या कथनात पैगंबर थरथरत पत्नी खदीजांकडे परततात आणि 'मला पांघरूण घाला' म्हणतात. इब्न इसहाकने तपशिलात दिलेलं कथन मात्र वेगळ्या वाटेने येतं: उबैद बिन उमैरने सांगितलं, वहब बिन कैसानने ऐकलं. त्यात पैगंबर झोपेत असताना देवदूत जिब्रील लिखाण असलेलं एक जरीचं वस्त्र घेऊन येतो, आणि जाग आल्यावर ते शब्द जणू हृदयावर कोरले गेले होते असं पैगंबर सांगतात. पांघरुणाचा प्रसंग त्यात नाही. शिवाय पारंपरिक गणनेनुसार आयशांचा जन्म 610 नंतरचा, तेव्हा त्यांचं कथनही ऐकीव आहे, डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि मअमर बिन राशिद या आणखी एका जुन्या संकलकाकडे हाच प्रसंग झुहरींकडूनच येतो. तेव्हा बुखारी आणि मअमर जुळले म्हणजे दोन पुरावे झाले नाहीत. दोघांच्या वाटा झुहरींपाशीच मिळतात.

म्हणून कोणतंही चरित्र विकत घेण्याआधी तेच पान उघडा. जरीचं वस्त्र आणि पांघरूण दोन्ही एकाच सलग गोष्टीत आलं असेल आणि ही दोन वेगळी कथनं आहेत असं कुठेच म्हटलं नसेल, तर लेखकाने शिवण लपवली आहे. असं पुस्तक वाचायला हरकत नाही, भक्तिभावाने वाचायला तर मुळीच नाही. पण ते पुरावा म्हणून कुणाला दाखवू नका. दोन्ही कथनं वेगवेगळी मांडून लेखक 'हे अमुककडून, ते तमुककडून' म्हणत असेल, तर ते पुस्तक जवळ ठेवण्यासारखं आहे.

दुसरं पान जन्मतारखेचं. सुन्नी परंपरेत रबिउल अव्वल महिन्याची 12 तारीख रूढ आहे, शिया परंपरेत 17, आणि आझमगढ जिल्ह्यातल्या मुबारकपूरचे सफीउर्रहमान मुबारकपुरी आपल्या 'अर-रहीकुल मख्तूम'मध्ये 9 देतात, सन 571. पुस्तक कोणती तारीख देतं हे महत्त्वाचं नाही. तारखेबद्दल मतभेद आहे हे ते सांगतं का, एवढंच पाहा. त्याच पानावर वयाचा हिशेबही लागतो. पैगंबर 63 वर्षं जगले असं वाचून 570 ते 632 मोजलं तर 62 भरतात आणि वाचक गोंधळतो. ती 63 चांद्र वर्षं आहेत. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे 33 हिजरी वर्षं म्हणजे आपली साधारण 32. हिजरतीपासून, म्हणजे मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापासून, मोजला जाणारा हिजरी सनसुद्धा नंतर, खलिफा उमर यांच्या काळात ठरला. त्याचा पहिला दिवस 16 जुलै 622 धरतात, पण पैगंबर मदिनेजवळ कुबाला पोचले ते सप्टेंबरात. छापील पुस्तकांत या दोन तारखांची सर्रास गल्लत असते.

तिसरं पान मदिनेतल्या बनू कुरैझा या यहुदी टोळीचं, 627 सालचं, खंदकाच्या लढाईनंतरचं. हे पान अवघड आहे, आणि म्हणूनच लेखक कसा आहे ते इथे कळतं. इब्न इसहाक त्या टोळीतल्या मारलेल्या पुरुषांचा आकडा 600 ते 700 देतो आणि काहीजण 800 ते 900 सांगतात असंही नोंदवतो. बरकत अहमद या भारतीय लेखकाने 1979 मध्ये या आकड्यांवरच सविस्तर शंका घेतली. एखादं पुस्तक हा प्रसंग दोन ओळींत उरकतं, दुसरं फक्त याच प्रसंगावर नाचतं. दोन्ही बाजूला ठेवा. आकडा कुठून आला, तो कोणी नाकारला आणि का, हे सांगणारं घ्या.

आता क्रम. इंग्रजी वाचता येत असेल तर जोनाथन ब्राउन यांचं 2011 चं छोटं परिचयपुस्तक आधी घ्या. दीडशेच्या आसपास पानं आहेत. रोज 20 वाचलीत तर आठवड्याभरात संपतं, आणि वरचा साखळीचा प्रश्न त्यात सोप्या भाषेत येतो. नंतर सलग गोष्ट सांगणारं एक पुस्तक: मुबारकपुरींचं, नाहीतर मार्टिन लिंग्ज यांचं 1983 चं. लिंग्ज यांची भाषा फार सुंदर आहे, पण ते जुन्या साधनांतलं कथन पुन्हा सांगतात, त्याची छाननी करत नाहीत. मुखपृष्ठावर 'सर्वांत जुन्या साधनांवर आधारित' असं लिहिलेलं असलं की वाचक ते 'तपासलेलं' असं समजतो. तिसऱ्या पायरीवर माँटगोमेरी वॉट यांचं 1961 चं संक्षिप्त चरित्र. मक्केतल्या व्यापाराचा आणि टोळ्यांच्या राजकारणाचा विचार तिथे मिळतो. वॉट यांचे मूळ दोन खंड (1953 आणि 1956) त्यानंतर. मक्केच्या व्यापाराबद्दलची त्यांची मांडणी पॅट्रिशिया क्रोन यांनी 1987 मध्ये जोरदार खोडायचा प्रयत्न केला, हेही लक्षात असू द्या.

उर्दू येत असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. शिबली नोमानींचं 'सीरतुन्नबी' मुळातून वाचा. फक्त सातही खंड एकदम घेऊ नका. प्रत्यक्ष चरित्र पहिल्या दोन खंडांत आहे. 1914 मध्ये शिबली वारले आणि काम त्यांचे शिष्य सुलैमान नदवींनी पुढे नेलं. तिसऱ्या खंडापासून चमत्कार, उपासना, नीती असे विषय येतात. लोक सगळा संच आणतात, तिसऱ्या खंडात अडखळतात आणि विषयच सोडून देतात.

मराठीत साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' ही प्रेमाने लिहिलेली, ओघवती सुरुवात आहे. साखळ्या-संदर्भ त्यात शोधू नका, पण अरबस्तानचं वातावरण आणि त्या माणसाचं मोठेपण त्यातून पोचतं. विनोबांचं 'कुराण-सार' चरित्र नाही. त्यात आयतांची, म्हणजे कुराणातल्या वचनांची, निवड विषयवार आहे, काळाच्या क्रमाने नाही, तेव्हा त्यातून घटनांचा क्रम लावत बसू नका. ईद-ए-मिलादच्या सुमारास वाटल्या जाणाऱ्या छोट्या मराठी पुस्तिका जरूर घ्या. पैगंबरांच्या नावापुढचं (स.) हे दरूदचं, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेचं, आणि सहाबांच्या, म्हणजे त्यांच्या सोबत्यांच्या, नावापुढचं (रजि.) हे त्यांच्यासाठीच्या दुआचं लघुरूप आहे. ते वाचताना ओलांडू नका, या पुस्तिका कुणासाठी लिहिल्या आहेत ते त्यातून कळतं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. 'हे एकच वाचा, बाकी सगळं खोटं' असं सांगणारा मशिदीतला असो की विद्यापीठातला, त्याला नमस्कार करून पुढे व्हा. पुस्तक उघडून तळटीपेवर बोट ठेवणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका, मग त्याची श्रद्धा तुमच्याशी जुळो न जुळो. व्हिडिओंबद्दल तर मी कठोर आहे: अर्ध्या तासाच्या व्हिडिओत साखळी सांगायला कुणाला वेळ नसतो. आणि अनुवादकाचं नाव नसलेली पीडीएफ वाचू नका, त्यात किती कापलं आहे ते कळायचा मार्गच नसतो.

वाचताना शेजारी वही हवी. चार रकाने पुरतात: घटना, हिजरी सन, कोणी सांगितलं, कुराणात उल्लेख कुठे. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तोच सगळ्यात जास्त शिकवतो. बद्रच्या लढाईसाठी आठवी सुरा (कुराणाचा अध्याय), उहुदच्या लढाईसाठी तिसऱ्या सुरेतल्या 121 पासूनच्या आयता, खंदकासाठी 33 व्या सुरेतल्या 9 ते 27, हुदैबियाच्या तहासाठी 48 वी. त्या वाचल्या की लक्षात येतं की कुराण घटना 'सांगत' नाही, माहीत असलेल्या लोकांना तिची आठवण देतं. मुहंमद हे नावसुद्धा त्यात फक्त चार वेळा येतं. गोष्ट भरून काढतं ते सीरत-वाङ्मय, आणि कुठे किती भरलं ते या रकान्यात उघडं पडतं.

वहीच्या मागच्या पानावर वंशवृक्ष काढा. अब्दुल मुत्तलिब आजोबा, अब्दुल्लाह वडील, अबू तालिब काका. झैनब नावाच्या निदान तिघी आहेत: एक मुलगी, आणि दोन पत्नी, बिंत खुझैमा आणि बिंत जहश. नाव अर्धवट वाचलंत तर तिघींची एक होते. मराठी पुस्तकांत एकच नाव तीन तऱ्हांनी छापलेलं असतं, तेव्हा सगळी रूपं एका ओळीत लिहून ठेवा.

एवढं झाल्यावर आल्फ्रेड गियोम यांचं 1955 चं इब्न इसहाकचं इंग्रजी भाषांतर उघडा, आधी नाही. ते आठशेच्या आसपास पानांचं आहे. तबरीतून घेतलेले तुकडे त्यात खूण करून घातले आहेत आणि इब्न हिशामच्या टिपा काढून पुस्तकाच्या शेवटी नेल्या आहेत. त्या टिपा न वाचता पुढे गेलात तर इब्न इसहाक कुठे संपतो आणि संपादक कुठे सुरू होतो ते कळणार नाही, म्हणून दोन बोटं दोन ठिकाणी ठेवूनच वाचावं लागतं. मध्ये मध्ये लांबच लांब कविता येतात आणि तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. पहिल्या वाचनात त्या ओलांडून गेलात तरी चालेल. त्यांतल्या कितीतरी कवितांबद्दल 'काव्याचे जाणकार ही त्या कवीची मानत नाहीत' अशी नोंद इब्न हिशामनेच करून ठेवली आहे.