हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग: आधी ओहोटी, मग पाऊल

हरिहरेश्वरची (ता. श्रीवर्धन, रायगड) प्रदक्षिणा देवळामागून पायऱ्या चढून सुरू होते, मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून थेट समुद्रालगतच्या खडकांवर उतरते. भरतीत ही वाट पाण्याखाली जाते, म्हणून वेळेचं गणित पक्कं हवं.

कोकणातला हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी दहाच्या सुमारास. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघाच आणि गावात विचारा. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे व संध्याकाळी येते, शिवाय उधाण. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, पाणी पुरतं ओसरत नाही. पंचमी-षष्ठी उत्तम.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा. पाणी चढू लागलं की पुढे रेटू नका. पावसाळ्यात जाऊच नका.

खडकावर समुद्राने कोरलेली जाळी अप्रतिम आहे, सावकाश बघा. पण समुद्राकडे पाठ करून फोटो नको. काळा, ओला खडक म्हणजे लाट तिथवर येते. हिरवं शेवाळ टाळा. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा तळपाय कापतात, त्यामुळे पकड असलेले बंद बूटच घाला.