हातमोजे घाल, हातमोजे काढ : मशिनशॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मशिनशॉपमध्ये लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मला दोनदा बोलणी बसली. मंगळवारी हातात मोजे नव्हते म्हणून सेफ्टीच्या साहेबांनी झापलं. गुरुवारी मोजे घालून लेथवर (धातू फिरवत ठेवून कापणारं मशिन) उभा होतो, तर आमच्या जुन्या ऑपरेटरांनी (सगळे त्यांना मामा म्हणायचे) मशिन बंद केलं आणि सगळ्यांदेखत मोजे माझ्या हातातून ओढून काढले. शॉपच्या दारावरचा फलक सांगत होता, 'आत कायम हातमोजे वापरा.' लेथच्या डोक्याकडच्या पेटीवरची, म्हणजे हेडस्टॉकवरची, पट्टी सांगत होती, 'मशिन चालू असताना हातमोजे घालू नका.' दोन्ही पाट्या एकाच खात्याने लावलेल्या.

मी मामांना फलक दाखवला. ते म्हणाले, "वाचता येतं, शाब्बास. आता हे वाच." त्यांनी जॉबकडे, म्हणजे मशिनवर लावलेल्या धातूच्या तुकड्याकडे, बोट केलं. टूलवरून (कापणाऱ्या हत्यारावरून) निघालेला लांब, निळसर चिप (धातूचा कीस) जॉबभोवती गच्च गुंडाळला गेला होता. "लोखंड असून असं ओढलं गेलं. मोजा तर कापड आहे. आणि कापडात बोटं असतात."

त्या रात्री मी हिशेब मांडून पाहिला. 600 आरपीएम म्हणजे सेकंदाला 10 फेरे. हात मागे घ्यायला पाव सेकंद लागला, तरी तोवर अडीच फेरे झालेले असतात. जॉब 50 मिमी व्यासाचा असेल तर एवढ्या वेळात जवळजवळ 40 सेंटिमीटर कापड आत खेचलं जाईल. बोटांच्या टोकापासून 40 सेंटिमीटर मोजून बघा, कोपर येतं.

मग फलक चुकीचा होता का? नाही. तो कापण्या-खरचटण्यासाठी होता: पत्रा उचलताना, बर (कापल्यावर कडेला राहणारे बारीक काटे) काढताना, बंद मशिनमधून चिप्स काढताना. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धारदार कडा होती, जॉब पकडून फिरणारा चक नव्हता. दोन नियम भांडताना दिसले की मी आता एकच गोष्ट विचारतो, हा नियम कोणत्या इजेसाठी लिहिलाय? बहुतेक वेळा भांडण तिथेच निम्मं मिटतं.

उरलेलं निम्मं मात्र डोकं खातं. आमच्या बेंच ग्राइंडरचंच घ्या. धार लावायचा फिरता दगड आणि टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) यांच्यात साधारण 3 मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब आत ओढला जाऊन दगड फुटू शकतो. दगड तर रोज झिजतो, म्हणजे रेस्ट सारखी पुढे सरकवायला हवी. पण आमच्याकडे रेस्टला पाना लावायचा तर आधी सप्लाय बंद करून स्विचला कुलूप (कोणी चालू करू नये म्हणून), आणि कुलूप लावायचा अधिकार फक्त मेंटेनन्सला. मेंटेनन्स येणार उद्या. आज धार कशाने लावायची? फट वाढलेल्या दगडावर सगळे गुपचूप काम उरकायचे. शेवटी ग्राइंडरची प्लग पिन काढून ती स्वतःच्या ताब्यात ठेवली की ऑपरेटरने रेस्ट सरकवायला हरकत नाही, असं लेखी ठरलं. एवढ्याशा कागदासाठी चार महिने गेले.

सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनच्या) दरवाजाचा स्विच हा वेगळाच ताप. दार बंद असतं आणि स्क्रीनवर अलार्म येतो, 'दार उघडं आहे.' कूलंट (कापताना थंड ठेवायला सोडतात ते द्रव) आणि बारीक चिप्स स्विचच्या खाचेत जाऊन बसतात. शिफ्टमध्ये तीन-चारदा मशिन थांबतं, प्रॉडक्शनचा आकडा पडतो, आणि मग कोणीतरी स्विचची सुटी जीभ खाचेत अडकवून वर तार गुंडाळतं. मशिनला वाटतं दार लागलंय. नव्या मुलाला ही युक्ती पहिल्याच महिन्यात कौतुकाने शिकवली जाते. शिकू नका. इंटरलॉकबद्दलचं (दार उघडं असताना मशिन चालू न देणारा असा स्विच) आयएसओ 14119 हे मानक तर डिझाइन करणाऱ्यालाच बजावतं की माणसाला स्विच चकवावासा का वाटेल, ते आधी शोधा. म्हणजे तार गुंडाळणारा जितका दोषी, तितकाच कूलंटखाली उघडा स्विच बसवणाराही.

मी दोन आठवडे प्रत्येक अलार्मची वेळ वहीत लिहिली. 'दाराचा फॉल्ट आहे' असं तोंडी सांगितल्यावर कोणी हललं नव्हतं. 'सोमवार ते शनिवार 19 वेळा, बंद वेळ 2 तास 10 मिनिटं' हे वाचल्यावर कोडेड मॅग्नेटचा, स्पर्शाशिवाय चालणारा सीलबंद स्विच आला. हा साध्या चुंबकाने फसत नाही.

दार उघडं ठेवून बघावं लागतं हेही खरंच. सेटिंग करताना टूल कुठे येतोय ते काचेतून दिसत नाही. पण त्यासाठी सेटिंग मोड असतो: चावी फिरवायची, वेग आपोआप कमी होतो, बटण दाबून धरलं तरच हालचाल. रोबोला शिकवतानाही हेच, तिथे वेगाची मर्यादा सेकंदाला 250 मिमी. चावी कोणाकडे असते आणि ती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

कुलूप आणि टॅगबद्दल (दुरुस्तीआधी मशिन बंद करून लावतात ते) एवढंच सांगतो की मेन स्विच बंद म्हणजे मशिन मेलं असं नाही. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये सप्लाय गेल्यावरही व्होल्टेज राहतं. किती मिनिटं थांबायचं ते त्याच्या कव्हरवर छापलेलं असतं. उभा अक्ष (हेड वर-खाली नेणारा भाग) मोटरच्या ब्रेकवर लटकलेला असतो, ब्रेक सोडला की खाली येतो. माझ्यासमोर एकदा हेड असंच खाली आलं. खाली लाकडी ठोकळा होता म्हणून वाचलो. ठोकळा मी ठेवला नव्हता, मामांनी ठेवला होता.

आवाजाच्या बाबतीत तर मोठमोठ्या संस्थांचंही जमत नाही. अमेरिकेतल्या दोन सरकारी संस्था घ्या. ओशाच्या नियमात 90 डेसिबलला 8 तास आणि दर 5 डेसिबलला वेळ निम्मा. नायॉशची शिफारस 85 डेसिबलला 8 तास आणि दर 3 डेसिबलला निम्मा. 95 डेसिबलच्या प्रेसशेजारी एका हिशेबाने 4 तास, दुसऱ्याने पाऊण तासाच्या आसपास. प्रेस तीच, कान तेच. मी कडक हिशेब धरतो, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. पण कानात बोळे असले की मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न नीट ऐकू येत नाही. म्हणून प्रेसकडे पाठ करून चालायचं नाही आणि फोर्कलिफ्टच्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही.

विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. "हे मी करणार नाही" म्हटलं की तुम्ही उद्धट ठरता. "लेथ नंबर 4 वर यांतला कोणता नियम पाळू, एवढं लिहून द्या" म्हटलं की समोरचा जरा थांबतो. दोन्ही पाट्यांचा मजकूर शब्दशः उतरवून द्या (फोटो काढता येत नाही, मोबाइलला बंदी आहे, तोही नियमच). विचारायचं शिफ्ट सुरू होण्याआधी. जॉब अर्धा लागलेला असताना कोणाला वेळ नसतो. आणि उत्तर येईपर्यंत ज्या नियमाने हात जाणार नाही, तो पाळा.

मोज्यांचा निकाल असा लागला की लेथभोवती पिवळी रेघ मारली गेली. रेघेच्या आत मोजे नाहीत, बाहेर सक्तीचे. आत जाताना मोजे अडकवायला रेघेवर एक खुंटी बसवली. पुढच्या ऑडिटमध्ये त्या खुंटीवर शेरा आला, 'मशिनशेजारी अनावश्यक वस्तू लटकलेली.'