टॅप ब्लॉक देताना या चुका टाळा

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थरांमध्ये सुईने बधिर करणारं औषध सोडतात, तो टॅप ब्लॉक. तो शिकणारी डॉक्टर मुलं मी गोव्यात बरीच वर्षं पाहतेय. चुका ठरलेल्या आहेत, आणि बहुतेकींच्या मुळाशी पुढची केस घ्यायची घाई असते.

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर पांढरी रेघ दिसली की लगेच विचारतात, "मॅडम, सुई दिसली. सोडू?" सुई दिसली, पण टोक कुठे आहे? पोटावर धरलेला सोनोग्राफीचा प्रोब जरा तिरका झाला की दिसते ती सुईची मधली दांडी, टोक भलतीकडेच असतं. खाली पोटाचं अस्तर आणि त्याखाली हलणारं आतडं. 2001 साली हा ब्लॉक आला तेव्हा पेटिटच्या त्रिकोणात, म्हणजे कमरेच्या हाडाच्या वर कुशीत, सुई घालून हाताला 'टक्' जाणवायची वाट पाहत. आता समोर चित्र असताना अंदाजाने औषध सोडणं मला अजिबात पटत नाही.

मी आधी सलाइन देते, एक-दोन मिली. आतला तिरका स्नायू आणि त्याखालचा आडवा स्नायू यांच्यामध्ये होडीच्या आकाराची काळी फट उघडली, तरच औषध. स्नायूच फुगत असेल तर थांबा. टोक हरवलं तर सुई रेटू नका, प्रोब हलवा. दोन्ही हात एकदम हलवलेत तर काहीच सापडत नाही. थर ओळखू येत नसतील तर बेंबीच्या बाजूने सुरुवात करून प्रोब हळूहळू कुशीकडे न्या.

दुसरी चूक माझ्याच हातून झाली आहे. सत्तरीकडची 42 किलो वजनाची बाई, स्पायनलखाली, म्हणजे पाठीच्या कण्यात भूल देऊन, गर्भाशय काढलेलं. मी दोन्ही बाजूंना 0.25 टक्के ब्युपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) 20-20 मिली दिलं, म्हणजे 100 मिलीग्रॅम. किलोला अडीच मिलीग्रॅमने तिची मर्यादा 105. हिशेब बरोबर होता. पण सर्जनने टाके घालताना त्याच औषधाचे 20 मिली जखमेत भरले होते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एकूण 150 झाले. वीसेक मिनिटांनी रिकव्हरीत ती म्हणाली, "दोतोर, म्हज्या कानांत आवाज येता." मग ओठ बधिर झाले, मग झटका आला: औषध रक्तात जास्त झालं होतं. ऑक्सिजन, झटका थांबवायला मिडाझोलम, आणि उतारा म्हणून शिरेतून 20 टक्के लिपिड (स्निग्ध द्रावण) किलोला दीड मिलीने. ती सुखरूप घरी गेली, पण लिपिडची बाटली शोधण्यात गेलेली ती मिनिटं मी विसरलेले नाही.

तेव्हापासून औषध भरण्याआधी मी सर्जनला मोठ्याने विचारते आणि एकूण मिलीग्रॅम फळ्यावर लिहिते. मिली नव्हे, मिलीग्रॅम. लिपिडची बाटली ट्रॉलीवर दिसल्याशिवाय सुरुवात करत नाही. घाईत असलेल्या सर्जनला ही दोन मिनिटं जड जातात. जाऊ देत.

दर पाच मिलीला सिरिंज मागे ओढून रक्त येतं का पाहा.

चीर बेंबीच्या वर असेल तर कुशीतला ब्लॉक तिथे पोचत नाही, बरगडीखालून द्या.

सिझेरियनला स्पायनलमध्ये मॉर्फीन दिलं असेल तर टॅपने फारशी भर पडत नाही. उगाच टोचू नका.

आणि ब्लॉक दिला म्हणून चार्टवरचं पॅरासिटामॉल खोडू नका. या ब्लॉकने पोटाची भिंत बधिर होते, आतल्या अवयवांची कळ तशीच राहते. ती बहुधा रात्री उठते, आणि तेव्हा वॉर्डात तुम्ही नसता, एकटी सिस्टर असते.