विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड: वार्षिक फी भरायची की कार्ड बंद करायचं?

फी कोणत्या महिन्यात लागते ते मागच्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये बघा आणि त्याच्या महिनाभर आधी हिशेबाला बसा. फीवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ५,००० रुपये फीचं कार्ड प्रत्यक्षात ५,९०० ला पडतं. दर महिन्याला पूर्ण बिल भरत नसाल, तर हिशेबही करू नका, कार्ड सोडा. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं व्याज कुठलेच माइल्स, म्हणजे खर्चावर मिळणारे आणि विमान तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट, भरून काढत नाहीत.

खरी गोची पुढे आहे: तुमच्या माइल्सची किंमत किती? इथेच मी सलग तीन वर्षं चुकलो. बिझनेस क्लासच्या तिकिटाची किंमत बघायची, तिला माइल्सने भागायचं आणि 'एक माइल दोन रुपयांचा' म्हणत खुशाल फी भरायची. पण बिझनेस क्लासचं तिकीट मी खिशातून कधीच काढलं नसतं! तुम्ही जो प्रवास खरंच करता, तोच धरा. समजा, पुणे-दिल्ली तिकीट रोखीने ६,२०० रुपयांना आहे. माइल्सने घेतलं तर ६,००० माइल्स आणि वर कर-शुल्काचे ९०० रुपये. म्हणजे वाचले ५,३००, आणि एक माइल पडला ८८ पैशांना. तेही दिवाळीत किंवा मे महिन्यात, तुम्हाला हव्या त्या दिवशी सीट मिळत असेल तर. आज ॲप उघडून तुमच्या तारखांना शोधा. सीट दिसत नसेल तर ८८ पैसेसुद्धा धरू नका.

एवढ्यावर थांबू नका. बहुतेक सल्ले इथेच थांबतात आणि मला त्याचाच राग येतो. तोच खर्च बिनफीच्या कार्डावर केला असता तर काय मिळालं असतं, ते वजा करायलाच हवं. वर्षाला ३ लाख खर्च आणि शंभराला २ माइल्स, म्हणजे ६,००० माइल्स, सुमारे ५,३०० रुपये. एक टक्का कॅशबॅक देणाऱ्या फुकट कार्डाने ३,००० दिलेच असते. म्हणून या कार्डाची खरी कमाई २,३०० आणि फी ५,९००. फी भरल्यावर दरवर्षी एखादं तिकीट मिळत असेल आणि ते तुम्ही नक्की वापरत असाल, तर त्याची किंमत मिळवा. पहिल्या वर्षीची स्वागत-भेट मात्र विसरा, ती पुन्हा येत नाही. लाउंजसाठी, कार्ड नसतं तर विमानतळावर नाश्त्याला जेवढे खर्च केले असते, तेवढेच धरा.

आणि बोनससाठी ठरलेला खर्चाचा टप्पा गाठायला मार्चअखेरीस गिफ्ट व्हाउचर घेऊ नका. मी घेतली होती. त्यातली निम्मी मुदत संपून वाया गेली.

माइल्स साठवून ठेवणं मला पटत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमानं थांबली, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. कार्ड घेताना केलेलं गणित असं एका दिवसात जुनं होतं.

हिशेब तोट्यात आला तर कस्टमर केअरला फोन करून फी माफ करा किंवा बिनफीचं कार्ड द्या म्हणून सांगा. नुसते पॉइंट देऊ केले तर त्यांची किंमतही वरच्याच रीतीने काढा.

नाहीच जमलं तर बंद करा, पण गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर थांबा. दोन कार्डांची मर्यादा मिळून ४ लाख आणि वापर ८० हजार, म्हणजे २० टक्के. त्यातलं अडीच लाखांचं कार्ड गेलं की तोच वापर ५३ टक्के दिसतो आणि सिबिल स्कोअरला फटका बसू शकतो.

बँकेकडे पडलेले पॉइंट आधी विमान कंपनीच्या खात्यात वळवा, ऑटो-डेबिट हलवा, बिल शून्य करा. मगच बंद करण्याची विनंती लेखी, ईमेलने पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. बंद झाल्याचा मेसेज जपून ठेवा.